मुंजीच्या टेपची स्वच्छ कॉपी

९ जाने.
लॉफ्टमधली ट्रंक मीच खाली आणली. निखिल शनिवारी येतो म्हणाला होता, तो शनिवार कधीच गेला. कॅसेट डांबरगोळ्यांत होत्या, वास अजून हाताला आहे. निखिलची सांगलीतली मुंज सगळ्यांत वर. लेबलवर ह्यांचं अक्षर. कॅसेटच्या खिडकीतून रीळ पाहिलं, बुरशी नाही. जीव भांड्यात पडला.
मार्चमध्ये सुनेचं, मानसीचं, डोहाळजेवण. निखिलला त्या दिवशी हॉलच्या मोठ्या टीव्हीवर ही मुंज लावायचीय. बाळाचे आजोबा आणि पणजोबा, दोघेही चालते-बोलते फक्त ह्याच टेपमध्ये आहेत. हे गेल्यापासून मी ती लावलेली नाही.

१२ जाने.
टेप कॉम्प्युटरवर उतरवायची, निखिलने पाठवलेली यूएसबीची डबी जुन्या व्हीसीआरला जोडली. चित्र वाईट. वरचा भाग एका बाजूला वाकतो, कडा थरथरतात, माझ्या शालूचा लाल रंग मागच्या भिंतीवर सांडतो. हे पाटावर बसलेत, पण सगळंच हलतंय. हे, पाट, गुरुजी, भिंत.
निखिल फोनवर: "इट्स फाइन, आई. बाबा ओळखू येतात ना?"
ओळखायला मला टेप कशाला लागते.

१६ जाने.
इथल्या हाउन्सलोच्या लायब्ररीत बसून वाचलं. थोडं कळलं, थोडं नाही. जुन्या टेपवरून चित्राची प्रत्येक ओळ जरा आधी किंवा जरा उशिरा येते, म्हणून ते थरथरतं. काही चांगल्या व्हीसीआरमध्ये ह्या ओळी सरळ लावणारा भाग असतो. पिवळ्या वायरीऐवजी एस-व्हिडिओची वायर हवी. आणि स्वस्तातली डबी निम्मी चित्रं सरळ टाकून देते. हालचालीतलं मधलं मधलं जातं.
शिवाय टेप उगाच पुन्हापुन्हा लावू नये. दर वेळी थोडी झिजते.

२१ जाने.
मंडळातल्या शालनचा दीर लग्नांची शूटिंग करायचा. त्याचं मशिन मिळालं.
शालन: "घेऊन जा बाई. गॅरेजमध्ये नुसतं बसून आहे, आमच्या ह्यांच्यासारखं."
शॉपिंग ट्रॉलीत घालून, जपून धरून बसने आणलं. ड्रायव्हरने रॅम्प खाली केला, त्याला वाटलं आत काही जिवंत आहे.

२४ जाने.
मशिनचं डोकं साफ केलं. कापड स्पिरिटात भिजवून नुसतं धरायचं आणि ड्रम हाताने फिरवायचा. वर-खाली घासलं की कायमचं बिघडतं. आधी टीव्हीवरून भरलेली एक बिनकामाची कॅसेट लावून पाहिली. मशिन टेप खात नाही. मग मुंजीची टेप शेवटपर्यंत पुढे नेऊन परत आणली, म्हणजे सैल झालेली घट्ट बसते.

२७ जाने.
आज कॉपी घेतली. एकदाच लावली, सगळी उतरली.
भिंत स्थिर. समईची ज्योत स्थिर. शालूचा रंग शालूतच. गुरुजींच्या चष्म्यात खिडकी दिसते.
मग ह्यांचा हात.
पळीतून पाणी ताम्हनात जात नाही, बाजूला सांडतं. परत भरतात, परत सांडतं. बोटं एकेक करून उचलली जातात आणि टेकतात, दुसऱ्याच कुणाच्या सांगण्यावरून. त्याच वेळी निखिलला म्हणतात, "पळी सरळ धर, सांडू नको."
इतकी वर्षं मला वाटायचं, चित्र हलतंय.

२८ जाने.
परत पाहिलं, कॉम्प्युटरवर. मामंजी कोपऱ्यात खुर्चीवर. त्यांची बोटं तशीच. पावलंही. ओठांची मधेच चाळवाचाळव. मागून वन्संचा आवाज, हसत: "आमच्याकडे जन्मतःच बोटांत तबला असतो."
ह्या घरात कुणी तबल्याला हात लावलेला नाही.

३ फेब्रु.
ह्यांच्या शेवटच्या वर्षांतल्या गोष्टी एकामागून एक आठवतात. कप फुटायचे. कामावर, कार्गोमधले लोक समजायचे, पिऊन येतात. हे तर बिअरलाही शिवत नसत. चिडायचे, मग त्यांनाच वाईट वाटायचं. मग शिडीवरून पडून गेले. अपघात म्हणून लिहिलं गेलं, मीही तसंच मानलं.
लायब्ररीतून मेंदूच्या आजारांवरचं पुस्तक आणलंय. शब्द अडतात तिथे डिक्शनरी. हातपाय आपोआप हलतात त्या आजाराच्या प्रकरणापाशी थांबले. आई-बापांपैकी एकाला असेल तर मुलाला असण्याची शक्यता निम्मी. चाळिशीच्या आसपास दिसू लागतो. औषध नाही.
मी डॉक्टर नाही. एका टेपवरून काही ठरत नाही.
मुंजीत ह्यांचं जे वय होतं तेच आज निखिलचं आहे.

७ फेब्रु.
वन्संना सांगलीला व्हिडिओ कॉल. विचारलं, मामंजींना शेवटी नक्की काय झालं होतं?
"म्हातारपण. दुसरं काय?"
"साठीही नव्हती ना."
"तुला तिकडे बसून कामं नाहीत का गं? गेलेली माणसं. कशाला उकरतेस?"
मग बाळाची चौकशी, मुलगा होईल की मुलगी. मी म्हटलं, वन्सं, जरा हात दाखवा, त्या नव्या बांगड्या बघू. म्हणाल्या, नेट गेलं. आणि गेलं.

१६ फेब्रु.
निखिल-मानसी जेवायला. पुरणपोळी केली, मानसीला हवी होती. ती हॉस्पिटलात फिजिओ. माणूस कसा उठतो, कसा वळतो, कसं पाऊल टाकतो, हे बघणं तिचं कामच.
निखिल डाव्या हाताने जेवला. म्हणे मनगट लचकलं, जिममध्ये.
भांडी पुसताना मानसी: "आई, हा हल्ली सारखा खिशात हात का घालतो?"
मी म्हटलं, थंडी.
तिने माझ्याकडे पाहिलं. हीटिंग चालू होतं.

१ मार्च
निखिल दुपारी एकटाच आला. "आई, तो टेप झाला का?"
दोन्ही दाखवते म्हटलं. आधी डबीतून काढलेली, मग चांगली. सोफ्यावर बसला होता, उजवा हात मांडीखाली. पूर्ण वेळ.
पळीपाशी त्याने थांबवली. मागे नेली. परत पाहिली.
"सोवळं भिजलं म्हणून आत्या मला ओरडलेली. मला वाटायचं मीच सांडलं."
"तू नव्हे."
"हो. दिसतंय."
मग मामंजी. त्यांना त्याने थांबवलं नाही, पण बघत राहिला.
"तुला कधीपासून माहीत आहे?"
"हे चित्र स्वच्छ झालं तेव्हापासून. तुला?"
चहा घेतलान, डाव्या हाताने.
"टेस्ट असते, निखिल. मी वाचलंय."
"बाळ येऊ दे आधी." आणि जाताना, दारात: "त्या दिवशी जुना फाइल लावू. तो हलणारा. मानसीला ही नको दाखवूस, आई. प्लीज."
मी एवढी खटपट केली ती चांगलं दिसावं म्हणून.

४ मार्च
टेप परत ट्रंकेत ठेवली नाही. कपाटात, कोरड्या जागी, उभी. वाचलं होतं, आडवी ठेवू नये.
मानसीला काय हक्क आहे आणि निखिलला काय, हे कुठल्या पुस्तकात बघू.

९ मार्च
डोहाळजेवण आज. ओटीचं सामान भरलं. हिरवी साडी, बांगड्या, गजरा, नारळ.
सकाळीच मानसीचा फोन. आवाज हळू.
"आई, निखिल म्हणतो चांगली कॉपी बिघडली. खरंच?"
मी म्हटलं, बघते.
"मला तीच हवी. बाबांना मी कधी पाहिलंच नाही. कसे बसायचे, कसे चालायचे, हात कसे होते, मला नीट बघायचंय." मग पुन्हा: "नीट, आई."
मागून निखिलचा आवाज आला, कुणाशी बोलतेस गं? ती म्हणाली, फुलवाल्याशी.
दोन्ही कॉपींच्या यूएसबी स्टिक पर्समध्ये आहेत. दिसायला सारख्याच, म्हणून चांगल्या कॉपीच्या स्टिकला ओटीतला हिरवा दोरा बांधलाय.
बसची वेळ झाली. निघते.