निळ्या पेन्सिलीतल्या बायका

टापानुई, ४ मे १९८७

चि. नायरीस मामाचे डाव्या हाताने लिहिलेले आशीर्वाद. वि. वि.

अक्षर पाहून घाबरू नकोस. यंदा मे लागताच हिवाळा आला. काल सकाळी फाटकापाशी दहिवर गोठलं होतं, त्यावरून घसरलो आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. तुझी जीनमामी म्हणते, साठी उलटलेल्या माणसाने चालताना पायाखाली बघावं, कविता पुटपुटू नयेत. पुटपुटत होतो, हे खरं. शाळेत मिस पेट्रींनी पाठ करून घेतलेल्या ओळी थंडी पडली की अजून आपोआप ओठांवर येतात.

काम असं आहे. माझ्या चित्रपट्टीतल्या बार्नीचा एकतीस वर्षांत एकही गुरुवार चुकलेला नाही. लोकर कातरणाऱ्या टोळीचा हा तिरसट आचारी साप्ताहिकात दिसला नाही, तर शेतावरची माणसं मला मेला समजतील. मजकूर जीन टाइप करून पाठवते आहे, चित्रं तू काढ. सहा गुरुवार, दर वेळी चारच चौकटी. नाक बटाट्यासारखं, आणि टोपी कधीही काढायची नाही. सही माझीच ठेव, म्हणजे संपादक हॅल्डेन उगाच काळजीत पडणार नाही.

तुझ्या आईला, ऊनाला सांग, हाड मोडलंय, भाऊ नाही.

तुझा लोभ आहेच. या सहा आठवड्यांत जरा जास्त लागेल.

डेस्मंडमामा

*

ब्लफ, १७ मे १९८७

ती. मामांस नायरीचा शि. सा. न. वि. वि.

पहिल्या दोन पट्ट्या साप्ताहिकाकडे पोचल्या असतील, तिसरी आजच्या पार्सलने निघते आहे. दिवसभर शेडमध्ये कालवं फोडते, घरी येऊन जेवते आणि टेबलाशी बसते. मी बसले की आई टेबलावरचं कापड काढून घेते. तुम्ही तिच्या लग्नात आलेल्या कापडावर शाई सांडली होती म्हणे, ते ती अजून विसरलेली नाही.

शेडमधल्या बायकांना कळलंच. हुइया रोज विचारते, आज आचाऱ्याने काय जाळलं. मेव्हिसचं म्हणणं, पुरुषाचं इतकं मोठं नाक काढायचं तर बाकीचंही जरा बरं काढावं.

मामा, तुम्ही काम सांगितलंत याचं मला किती बरं वाटलं, ते लिहिता येत नाही. मी सात वर्षांची असताना तुम्ही माझ्या हातात टाक दिलात. कागदावर मोठा डाग पडला तेव्हा रागावला नाहीत. म्हणालात, याला चार पाय काढ, मेंढी होईल. त्यानंतर मला कोऱ्या कागदाची भीती वाटली नाही.

मनगट जपा. माया आहे तशी असू द्यावी.

नायरी

*

टापानुई, ९ जून १९८७

चि. नायरीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

गावात माझी छी-थू झाली आहे. तुझ्या तिसऱ्या पट्टीतला कातरणारा मेंढीच्या पाठीपासून सुरुवात करतो! बाई गं, आधी पोटाची लोकर काढतात. ब्लफच्या मुलीला हे कोण सांगणार, ते मीच सांगायला हवं होतं. साप्ताहिकाकडे अकरा पत्रं आली. म्हातारा हेक्टर रे, ज्याने उभी हयात मेंढ्या कातरल्या, तो मला दुकानासमोर अडवून म्हणाला, "डेस, पडलास तो डोक्यावर का?"

मी टोपी काढून माफी मागितली. पण घरी येताना लक्षात आलं की अकरांपैकी एकालाही चित्र दुसऱ्याने काढलंय असं वाटलं नाही. हॅल्डेनला मी फोनवर खरं सांगून टाकलं, तर तोही चाट पडला. एकतीस वर्षांचा माझा हात तू तीन आठवड्यांत उचललास. खोटं कशाला बोलू, नदीवर जाऊन अर्धा तास रुसून बसलो. मग थंडी वाजली, तेव्हा परत आलो.

तुझे मूळ कागद काल छापखान्यातून आले. फिकी निळी पेन्सिल छपाईच्या कॅमेऱ्याला दिसत नाही, म्हणून समासात तू काहीही काढलंस तरी चालतं, हे मीच तुला शिकवलं होतं. समासात बायका आहेत. रबरी बूट, हातात सुरी, एक हसता हसता वाकलेली, एक पाठ चोळणारी. त्यातल्या एका जाडीच्या तोंडात तू लिहिलंयस, "माझा नवरा या कालवासारखा, उघडायला जोर लागतो आणि आत विशेष काही नसतं." मी इतका हसलो की जीन बघायला आली. मग तीही बसून राहिली. बार्नीवर ती शेवटची कधी हसली, मला आठवत नाही.

ही जाडी कोण?

लोभ कर, आणि पोट आधी.

मामा

*

ब्लफ, २१ जून १९८७

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

जाडी म्हणजे मेव्हिस. ते नुसतं हात मोकळा करायला काढते, मनावर घेऊ नका.

आता मुख्य बातमी. हॅल्डेन साहेबांचं पत्र आलंय. बार्नी मी कायमचा काढावा, सही तुमची, पैसे दर आठवड्याला नेमाने, शेडपेक्षा बरे. आई म्हणाली, यात विचार काय करायचा, गमबूट टाक समुद्रात. तिची बोटं कालवं फोडून वाकडी झालीत, तिचं बरोबरच आहे.

मला हो म्हणायचंय. तुमच्या हाताचं डॉक्टर काय म्हणाले, ते जीनमामीने आईला कळवलं. माझ्याजवळ जे आहे ते तुम्ही दिलेलं आहे. बार्नी बंद पडू दिला, तर मला स्वतःकडे बघवणार नाही. तुमच्या होकाराची वाट बघते.

आशीर्वाद असावा.

नायरी

*

टापानुई, २८ जून १९८७

चि. नायरीस मामाचे मनापासून आशीर्वाद. वि. वि.

हो, प्लास्टर निघालं. हातात चहाचा कप धरता येईल, टाक नाही. दोन दिवस वाईट गेले. मग शेकोटीशी बसून हिशेब न मांडता नुसती आठवण केली. बार्नीने मला हे घर दिलं, जीनला पियानो दिला, आणि रस्त्यात थांबून हसणारी माणसं दिली. बत्तीस एकर जमीन भावाला देऊन चित्रं काढायला बसलो, तेव्हा वडील म्हणाले होते की याचं काही होणार नाही. झालं की. आणखी काय मागू?

पण एक विचारतो. या सहा आठवड्यांत बार्नी पुढे काय म्हणेल, याची तुला एकदा तरी उत्सुकता वाटली? वाटली असेल तर तो तुझा, आनंदाने घे. नसेल तर सोड. मला तो कुणी वारशाने दिला नव्हता. एका दुपारी कागदाच्या डाव्या कोपऱ्यात नाक काढलं, आणि हा माणूस कोण असेल, या कुतूहलातच माझी इतकी वर्षं गेली. तुला तुझं कुतूहल सोडून माझं ओढत बसायला लावलं, तर मी तुला काय दिलं?

तू माझी ऋणी आहेस म्हणतेस. असशील, तर फेड म्हणून माझ्या नावाची सही करू नकोस.

मी हॅल्डेनला अजून काही कळवलेलं नाही. तू ठरव. गुरुवार रिकामा जाईल याची मला भीती वाटते, हेही लपवत नाही.

काय ठरवशील ते ठरव, लोभ कमी होणार नाही.

मामा

*

टापानुई, १४ ऑगस्ट १९८७

चि. नायरीस मामा-मामीचे उदंड आशीर्वाद. वि. वि.

तुझं मागचं पत्र मी उशाशी ठेवलंय. तीन पानं रडलीस आणि चौथ्यावर लिहिलंस की नाही, बार्नीची उत्सुकता एकदाही वाटली नाही. हे लिहायला जे लागतं ते मी शिकवलेलं नाही, ते ऊनाचं आहे. ती दोन दिवस तुझ्याशी बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी तुझ्या शेडमधल्या बायकांच्या बारा पट्ट्या घेऊन तुझ्याबरोबर हॅल्डेनच्या दारात स्वतः उभी राहिली, हे वाचून मला माझी लहानपणची बहीण दिसली. तो चार आठवडे छापून बघणार आहे, पैसे कमी आहेत, शेड सुटणार नाही. असू दे. कालवं फोडता फोडताच तुला त्या बायका भेटल्या.

काल गुरुवार. अंक घरी फुकट येतो, पण पोस्टमनची वाट बघवेना. कोट चढवून दुकानात गेलो आणि विकत घेतला. आयुष्यात पहिल्यांदा. बार्नीच्या जागी तुझी शेड होती, खाली तुझं नाव, पूर्ण, नायरी पराता. मी तिथेच गल्ल्यासमोर उभा राहून वाचायला लागलो. मागे रांग लागली. दुकानवाली म्हणाली, मिस्टर टुलॉक, घरी जाऊन वाचा, हे काही वाचनालय नाही.

मी तिला म्हटलं, "थांब गं बाई, पुढे काय होतंय ते मला माहीत नाही, अजून शेवटची चौकट राहिली आहे."

तुझा वाचक,

डेस्मंडमामा