फलश्रुती नसलेली पोथी

मी, चतुराबाई गहिनीनाथ पोकळे, वय वर्षे ७३, धंदा शेती आणि गावाला पोथी वाचून दाखवणे, राहणार खडकवस्ती, कडा गावाजवळ, तालुका आष्टी, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवते.

माझे गुडघे गेले, दात गेले, डोके जागेवर आहे. डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला, तो सोबत टाचला आहे. इतर लोक ही ओळ रीत म्हणून लिहितात. मी मुद्दाम लिहिते, कारण माझा पुतण्या मोहनराव गावभर सांगत फिरतोय की पुस्तक वाचून काकूचं डोकं फिरलं. मला कोणी फूस लावलेली नाही. धाक दाखवायला मोहनरावच आला होता, त्याला चहा पाजून वाटेला लावला.

माझ्या नावावर राहते घर व त्याला लागून एक खोली, तळ्याकडचे अडीच एकर कोरडवाहू रान, आणि वेशीजवळची गावठाणातली मोकळी जागा आहे. त्या जागेत पूर्वी आमचा गोठा होता. हे सर्व यजमानांच्या मागे माझ्या एकटीच्या नावे चढलेले आहे. त्यात दुसऱ्या कोणाचा हक्क, हिस्सा नाही.

खरे सांगायचे तर हे मृत्युपत्र त्या गोठ्याच्या जागेसाठी आहे. ती मी मुक्ताबाई काळे हिला देणार आहे. मुक्ताबाई पारधी समाजाची. माझ्या डोळ्यामागे ती जागा तिच्याकडे टिकली पाहिजे, एवढाच घोर मला आहे. बाकीचे कोणीही घ्या.

कलम १. तळ्याकडचे रान, राहते घर आणि माझ्या गळ्यातली बोरमाळ माझी लेक कौशल्या, राहणार सिरसाळा, हिला. कौशल्या, रान विकलंस तरी माझी हरकत नाही, पण बांधावरची बोर तोडू देऊ नको. तिची बोरं आंबट आहेत म्हणून तुझे वडील नेहमी चिडायचे आणि खिसे भरून आणायचे.

कलम २. माझ्या सहा पोथ्या, चौरंग आणि समई माझ्याबरोबर पोथीला बसणाऱ्या जानकीबाईला. ती अडखळत वाचते, पण आवाज खणखणीत आहे. सातवे पुस्तकही तिलाच. ते तांबड्या फडक्यात बांधलेले असले तरी पोथी नव्हे, कादंबरी आहे. ती आमच्यात पोथी कशी झाली ते इथेच लिहून ठेवते, कारण पुढची कलमे त्याशिवाय कोणाला कळायची नाहीत.

सन २०१३ च्या उन्हाळ्यात आमच्या माळावर चारा छावणी पडली. विहिरी तळाला गेलेल्या, कारखान्याला ऊस नाही, म्हणून कोयता घेऊन जाणाऱ्या टोळ्याही घरी बसलेल्या. दूध संस्थेने छावणी चालवली. तिचा चेअरमन मोहनराव. पाचटाच्या मांडवाखाली आम्ही बाया-माणसं जनावरांपाशी दिवसभर बसून. टँकर येईपर्यंत काम नाही. लोक म्हणाले, पोथी लावा. माझ्या सहाही वाचून झाल्या. तेव्हा आष्टीच्या वाचनालयात गेले आणि म्हटले, जाडजूड काहीतरी द्या, लवकर संपायला नको. त्यांनी ही कादंबरी दिली. पुढे जुनी झाली म्हणून मलाच देऊन टाकली.

गोष्ट परमुलखातली, मोठ्या लढाईच्या वेळची. ज्यू लोकांच्या घरांवर राज्यकर्त्यांनीच घाला घातला, त्यातल्या एका शिंप्याच्या घराची. शिंपी, त्याची बायको, म्हातारी आई आणि पोरगी. त्यांची नावे आमच्या तोंडात बसेनात, म्हणून आम्ही शिंपी, शिंपीण, आजी आणि बाळी म्हणायला लागलो. पुस्तक मी फडक्यात बांधून चौरंगावर ठेवायचे. मी सवयीने ठेवले आणि लोकांनी सवयीने हात जोडले. मग पोथीचे सगळे नेम त्याला लागले. आमच्याकडे पोथीत कोणी संकटात असेल तर अध्याय तिथे बांधून ठेवत नाहीत, त्याला सोडवून मगच उठतात. ह्या पुस्तकात तर पहिल्या पानापासून संकट. उठायचे कधी? दुधाची गाडी येऊन हॉर्न वाजवून जायची आणि धारा तशाच राहायच्या. मोहनराव तणतणत आला, "काकू, दूध नासवता का काय?" आणि घडीची लोखंडी खुर्ची मागवून तोही ऐकत बसला.

रामहरी आमचा पखवाज्या. पोथीत अर्थ विचारायचा मान त्याचा. त्याने पहिल्याच दिवशी विचारले, "पर त्यांनी केलतं काय?"

मी म्हटले, "काही नाही."

"कायतरी केलंच आसंल की. उगं कोण कुणाच्या मागं लागतंय?"

मी पुढे वाचत गेले. शिंप्याच्या कोटावर पिवळी खूण शिवायचा हुकूम आला, त्याने स्वतःच्या हाताने पोरीच्या झग्यावर ती शिवली, इथपर्यंत आले आणि जानकीबाईने हात वर केला. छावणीत प्रत्येक जनावराच्या कानात पिवळा बिल्ला मारलेला असायचा. ती आपल्या गाईच्या कानाकडे बघत म्हणाली, "माणसाला बिल्ला?"

पुढे ते घर एका पिठाच्या गिरणीच्या माळ्यावर लपते. शिपाई झडतीला येतात. आजीला खोकला. मी ते वाचत होते आणि मांडवात जनावरांच्या गळ्यातल्या घंटा किणकिणत होत्या. जानकीबाई उठली आणि तिने गाईची घंटा मुठीत धरली. मग माझ्या समोर राहणारी छबुबाई उठली. मग एकेक करून सगळेच. रामहरीने बैलाच्या घंटेत टॉवेल कोंबला. कोणी कोणाला सांगितले नाही. साऱ्या छावणीतल्या घंटा माणसांच्या मुठीत, आणि मी कधी कुजबुजत वाचायला लागले ते मलाच कळले नाही. शिपाई गेले, पान उलटले, तेव्हा हात सुटले. मी उभा जन्म पोथी वाचली, देवाच्या जन्माला लोक फुले टाकतात ते पाहिले, पण असे ऐकणे मी पाहिले नव्हते.

पुस्तक संपले. शिंपी गेला, शिंपीण गेली, आजी गेली. बाळी तेवढी राहिली. लोक हात जोडून बसलेलेच. पोथीच्या शेवटी फलश्रुती असते, ही ऐकली तर काय फळ मिळते ते सांगणारी. ते तिची वाट बघत होते. मी म्हटले, संपलं. कोणाला पटेना. शेवटचे कोरे पान मी उचलून दाखवले.

छबुबाई म्हणाली, "फळच न्हाई, तर मग आपुन ही कावून ऐकली?"

मी रिवाजाप्रमाणे गूळ वाटला. तो कोणी तिथे खाल्ला नाही, ज्याने त्याने पदराला नाहीतर टॉवेलाला बांधून नेला.

कलम ३. ती घडीची लोखंडी खुर्ची अजून माझ्याकडे आहे. ती मोहनरावला द्यावी. पुस्तक संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा जमले आणि बोलणे निघाले, की ती माणसं आपल्या दारात आली असती तर? तेव्हा ह्याच खुर्चीवर बसून तो म्हणाला होता, "मी दहा घरं ठेवली असती. आपला बंगला कशाला हाय?" लोकांनी माना डोलावल्या. छबुबाईची पाळी आली. ती ऊसतोडीला जाणारी, नवरा वारलेला, पदरात तीन लेकरं, माझ्या समोर दुसऱ्याच्या जागेत पत्र्याचं खोपट. ती म्हणाली, "म्या दार न्हाई उघडलं आसतं. मला लेकरं हायेत." कोणी तिच्याकडे नीट बघितले नाही. मला मात्र वाटले, एवढ्या सगळ्यांत हीच एकटी पुस्तकातल्या लोकांशी खरे बोलली. मोहनराव, खुर्ची तुझीच आहे, तिच्यावर बसून आणखी काय काय बोलायचे ते बोल.

कलम ४. वेशीजवळची गोठ्याची जागा, तिच्या चतुःसीमेसह, मुक्ताबाई काळे हिला कायमची व पूर्ण मालकीने देते. तिच्यामागे तिच्या दोन लेकींना. मोहनरावला तिथे दूध संकलन केंद्र बांधायचे आहे. त्याने ते दुसरीकडे बांधावे. जनावरं काही पत्ता विचारून दूध देत नाहीत.

कारण लिहिते. छावणीच्या पुढच्या वर्षी तळ्यावरची एक पाण्याची मोटर चोरीला गेली. चोर कोण, हे चोरी कळायच्या आधीच ठरलेले होते. मुक्ताबाईचे कुटुंब गायरानावर पाल ठोकून राहायचे. तिचा नवरा कड्याच्या बाजारला गेलेला. भर दुपारी लोक काठ्या घेऊन गेले आणि त्यांनी पाल पेटवून दिले. मुक्ताबाई दोन पोरी घेऊन पळाली ती मोहनरावच्या बंगल्यावर. गेटला आतून कडी. आतून सांगितले, साहेब आंघोळीला गेलेत.

तिथून ती आमच्या गल्लीत आली. मी ओट्यावर होते. छबुबाईचे दार लोटलेले होते. धाकटी पोरगी दार वाजवत नव्हती, नुसती त्याला पाठ लावून उभी राहिली. छबुबाईने दार उघडले, तिघींना आत घेतले, वाकळांच्या मागे बसवले. मग दार लावायचे सोडून तिने ते सताड उघडे ठेवले आणि सूप घेऊन उंबऱ्यात ज्वारी पाखडत बसली.

लोक आले. पुढे रामहरी. "छबे, पारधीन हिकडं आली का?"

"आलीया. आत हाय. पोरी बी हायेत." सूप थांबले नाही.

मागून कोणीतरी ओरडले, "काय बघतू बे, वढ भाईर तिला."

छबुबाई म्हणाली, "वढा की. पर मला वलांडून जावं लागतंय."

मी रस्ता ओलांडला आणि त्या अरुंद उंबऱ्यात तिच्या शेजारी जाऊन बसले. गुडघ्यांनी केवढी कळ दिली. आता आत जायचे तर पोथी वाचणाऱ्या बाईला ओलांडायचे, जिच्या पाया ते श्रावणात पडतात. कोणाचा पाय उचलेना. छबुबाई ज्वारी पाखडत राहिली. मग रामहरीने काठी भिंतीला टेकवली आणि तो निघून गेला. त्याच्यामागे बाकीचे पांगले. मोटर दुसऱ्या दिवशी रिवायंडिंगच्या दुकानात सापडली. मोटरच्या मालकाच्या धाकट्या भावानेच दुरुस्तीला टाकली होती.

मी छबुबाईला विचारले, "तू तर म्हणाली होतीस, दार उघडणार नाही."

ती म्हणाली, "तवा इचार करून बोललते. त्या दिशी इचार करायला येळच न्हवता."

मोठमोठ्या पोथ्यांचे अर्थ मी सांगितले आहेत. त्या वाक्यापुढे मला आजही हात जोडावेसे वाटतात. मुक्ताबाईला त्यानंतर दोनदा गायरानावरून उठवले. स्वतःच्या नावाची जमीन असल्याशिवाय तिचे पाल कुठेच राहणार नाही, म्हणून ही जागा.

कलम ५. माझ्या घराला लागून असलेली खोली छबुबाईला.

कलम ६. साक्षीदारांबद्दल. वकील म्हणाले, मोहनराव हे कोर्टात नेणार आणि म्हणणार की बाई शुद्धीवर नव्हत्या. तेव्हा साक्षीदार गावातले घ्या, तुम्हाला रोज पाहणारे, कोर्टात ताठ उभे राहणारे. शिवाय ज्यांना मृत्युपत्रात काही मिळते त्यांची साक्ष घेऊ नका, समोरच्याला बोट दाखवायला जागा होते. मी घरोघर गेले. एकाचे दूध संस्थेत जाते, एकाचा पोरगा तिथे कामाला, एकाचे डोळे अचानक अधू झाले. जानकीबाई तयार होती, पण तिला पोथ्या दिल्या आहेत, आणि ती मोहनरावची सख्खी मावशी.

रामहरी आपण होऊन आला. त्या दुपारनंतर तो माझ्यासमोर उभा राहिला नव्हता. म्हणाला, "बाई, मी सही करतो."

मी म्हटले, "तू तर त्यांच्यातला होतास."

"म्हनूनच. कोर्टानं इचारलं तर सांगतो, त्या दिशी शुद्धीवर ह्या दोघी हुत्या. आमी न्हवतो."

एक झाला. दुसरा मिळेना. आठवडा गेला. काल छबुबाई आली आणि म्हणाली, "म्या करते सही."

मी सांगितले, तुला खोली दिली आहे, तुला साक्ष देता येणार नाही.

"मग खोली काढा."

मी तिला पुष्कळ समजावले. म्हटले, पावसात तुझ्या पत्र्याखाली चूल पेटत नाही, ज्याची जागा तो उद्या उठ म्हणेल. मी खोली तुझ्या नावावर आत्ताच करून देते, मृत्युपत्रात घालायलाच नको.

"आता घेतली तरी मोहनराव त्येच म्हननार, खोली घिऊन साक्ष दिली."

"मग खोली घे, साक्षीला आपण दुसरं कोणी बघू."

"दुसरं कोन हाय?"

मी नावे आठवत राहिले. ती म्हणाली, "त्या पुस्तकातल्या लोकांला सारं हुतं, बाई. घर हुतं, दुकान हुतं, मिशीन हुती. हे त्यांचंच हाय म्हनून सांगायला भाईर कुनी उभं राह्यलं न्हाई." आणि तिने हात पुढे केला, पेनासाठी.

मी सबंध पुस्तक मोठ्याने वाचले होते. मला हे दिसले नव्हते.

सबब कलम ५ मी माझ्या हाताने आडवी रेघ मारून रद्द करते. ती खोलीही कौशल्याकडे जाईल. कौशल्या, तू त्या खोलीचे काय करावेस ते मी लिहीत नाही, लिहिले तर छबुबाईने या कागदातून काही घेतले असे होईल. पूर्वीचे कोणतेही मृत्युपत्र असल्यास ते या लेखाने संपले. अंमलबजावणी कौशल्याने करावी.

वरील सर्व मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला, त्यांच्यासमोर सही केली, व त्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

ठिकाण : खडकवस्ती, ता. आष्टी, जि. बीड
दिनांक : ९ मे २०१९, यंदाही माळावर छावणी आहे

सही : चतुराबाई गहिनीनाथ पोकळे

साक्षीदार १ : रामहरी आसाराम गर्जे, राहणार खडकवस्ती. बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीवर आहेत.

साक्षीदार २ : छबुबाई आप्पा खाडे, राहणार खडकवस्ती. बाईंनी माझ्यासमोर सही केली. गोठ्याची जागा मुक्ताबाई काळे हिची आहे. या कागदात मला काहीही मिळत नाही, हे वाचून दाखवल्यावर मी सही केली आहे.