ताकदीची पिवळी बाटली

ती. आईस, पायांवर डोकं ठेवते.

मी ठणठणीत आहे, आधी तेच सांगते. थकवा जाईना म्हणून कारखान्यातल्या मैत्रिणीनं एका दुकानात नेलं. तिथे गुबगुबीत खुर्चीत बसवून व्हिटॅमिनचं पिवळं सलाईन लावतात. तू डॉक्टरांकडे "एक बाटली लावाच" म्हणून अडून बसायचीस, तेव्हा मी हसायचे.

बसल्या बसल्या पाय हलवायची माझी सवय तिथेही सुटली नाही, त्यानं हातही हलायचा. नर्सनं दोनदा सुई नीट केली.

संध्याकाळपर्यंत बरं वाटलं. मग पिवळं सगळं लघवीवाटे गेलं, थकवा जागेवरच. शेवटी नर्सच म्हणाली, "नीट जेवा, झोपा." ते तर तू रोजच सांगतेस.

तुझा गुडघा कसा आहे? बाबा गोळ्या घेतात ना?

त्या दुकानातल्या फॉर्मवर विचारलं होतं, काही झालं तर लगेच कोण येईल. बराच वेळ पेन हातात धरून बसले, मग इतक्या लांबच्या तुझंच नाव लिहिलं.

तुझी धाकटी