ऑर्सोलासाठी एक कळी

गुरुवार, २४ एप्रिल. संध्याकाळ.

उद्यापासून तीन दिवस लक्झरी टूर. अकरा बेल्जियन, सगळे रिटायर्ड, सगळ्यांच्या बॅगा दगडासारख्या. गाइड आल्वीसे, बोट चालवणार ऑर्सोला, बाकी सगळं मी. कागदावर मला 'सहायक' म्हटलंय. म्हणजे पुलांवरून बॅगा चढवा, उतरवा, छत्र्या धरा आणि आल्वीसे बोलत असला की गप्प उभे राहा.

निश्चय: आल्वीसेवर जळायचं नाही. तसा मी जळत नाहीच. फक्त मला दिसतं. एका भिंतीवर तो वीस मिनिटं बोलतो आणि बायका माना डोलावतात. मी 'भिंत जुनी आहे' एवढ्यात उरकलं असतं. गाइडचं लायसन्स मलाही मिळालं असतं, पण परीक्षेच्या दिवशी ट्रिएस्टच्या बंदरात एक प्रचंड जहाज आलं होतं, ते बघायला गेलो. परीक्षा काय, दरवर्षी असते.

उद्या सान मार्कोचा दिवस. अख्ख्या व्हेनिसमधले पुरुष आपापल्या बाईला लाल गुलाबाची एक कळी देतात. बोलावं लागत नाही, हे सगळ्यात बरं. मी ऑर्सोलाला देणार. तिच्या मनात काहीतरी आहे. मंगळवारी तिने मला दोनदा गाढव म्हटलं. आल्वीसेला अजून अहो-जाहो करते.

टूरवरच्या पाच बायकांनाही कंपनीतर्फे कळी. आणायचं काम माझं. सहा सांगितल्यात. डोकं लागतं.

शुक्रवार, २५ एप्रिल. सकाळ, ११.

कळ्या घेऊन वेळेत निघालो होतो. वाटेत क्रेनने एक बोट पाण्यातून उचलत होते. खालून बोट कोण कधी बघतो? चाळीस मिनिटं गेली. आल्वीसे सगळ्यांसमोर म्हणाला, आमच्या नेरेओचं घड्याळ भरती-ओहोटीवर चालतं. बेल्जियम हसला. ऑर्सोलाही हसली, पण इंजिनाकडे बघत. ते धरायचं नाही.

पाहुण्यांपैकी मादाम गोडेलीव्ह बहिणीला घेऊन आल्यात. यादीत बहीण नव्हती. आल्वीसेने माझ्या हातातून सहावी कळी काढली आणि कमरेत वाकून बहिणीला दिली. कळी माझी, वाकणं त्याचं, टाळ्याही त्यालाच.

त्याच दिवशी. दुपार, २.३०.

शहरात एक कळी शिल्लक नाही. रिआल्टो पुलाजवळची फुलवाली म्हणाली, राजा, दुपारी आठवण झाली होय बाईची? शेवंती आहे, देऊ? मग स्वतःच म्हणाली, नको बाबा, शेवंती थडग्यावर ठेवतात, आज तुझीच तिथे रवानगी व्हायची.

परत आलो तर पाहुणे जेवत होते. आल्वीसे उठून छतावरच्या चित्राबद्दल बोलत होता. त्याचं जॅकेट खुर्चीवर. आतल्या खिशातून लाल टोक डोकावत होतं.

याला बायको नाही. मग कोणासाठी? उघड आहे. आणि कंजूस इतका, की देठाला रिबिनऐवजी वायरची काळी टेप! अशा माणसाच्या हातून ऑर्सोलाने कळी घ्यावी हे मला बघवणार नाही. मी चोर नाही. पण होणारा अपघात टाळणं सहायकाचंच काम.

आता माझ्या खिशात आहे.

संध्याकाळ, ५.

आल्वीसे साडेचारलाच घाईने फेरीबोट पकडून गेला. हरलेला माणूस थांबत नाही. ऑर्सोला बोट पुसत होती. कळी दिली. तिने फिरवून देठ नीट बघितला. विचारलं, कुठून आणलीस? म्हणालो, रिआल्टोवरून, चाळीसातून निवडली. चाळीसातून? ती म्हणाली. हो म्हणालो. मग फडकं टाकून तिने कळी धरली. एका हाताने? नाही, दोन्ही हातांनी.

दिवस माझा.

शनिवार, २६ एप्रिल. दुपार.

आल्वीसेचे डोळे सुजलेले. राजवाड्याचं साल विसरला. मी मागून एक साल सांगितलं, मनानेच. बेल्जियन लोकांनी लिहून घेतलं. त्याची दया आली. हरणं सोपं नसतं.

मग ऑर्सोलाने मला बोटीच्या मागे बोलावलं. म्हणाली, ती टेप मी लावली होती, काल सकाळी, याच बोटीतली. काटा टोचून आल्वीसेच्या अंगठ्याला रक्त आलं होतं. कळी त्याच्या आईसाठी होती. आई जुदेक्का बेटावरच्या वृद्धाश्रमात असते. वडील गेले तेव्हापासून हा दर सान मार्कोला त्यांच्या नावाने कळी नेतो. आईला ते गेलेलं आठवत नाही, तिला वाटतं, नवराच पाठवतो. काल ती चांगला स्वेटर घालून खिडकीत बसली होती. हा रिकाम्या हाताने गेला. आता त्याला वाटतंय कळी त्यानेच पाण्यात पाडली. आई विचारत होती, ते माझ्यावर रागावलेत का?

मी म्हणालो, फुलावर नाव लिहायचं असतं. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी दोरी गुंडाळायला लागलो. दोरी आधीच गुंडाळलेली होती.

ती म्हणाली, कळी मी पेल्यात ठेवलीय. उद्या सकाळी आठला इथे ये. तुझ्या तोंडाने त्याला सांग, आणि दोघं मिळून जा तिकडे. पाहुणे उठायच्या आत.

निश्चय: जाणार. सगळं सांगणार. खरं बोलणारा पुरुष ऑर्सोलाला आवडत असणार. एका परीने बरंच झालं म्हणायचं.

रविवार, २७ एप्रिल. सकाळ, १०.

साडेसातला निघालो, देवाशपथ. पुलाखाली चार जण एक पियानो बोटीत चढवत होते. एक पाय बोटीत, एक धक्क्यावर, आणि मधे पियानो. अशा वेळी पुढे जाणारा माणूस माणूस नव्हे. मी आवाज देऊन मदत केली. नंतर त्यांनी एक सूर वाजवू दिला.

पावणेदहाला पोचलो. बोट नव्हती.

संध्याकाळ.

दोघं गेले होते. ऑर्सोला आणि आल्वीसे. आईने कळी घेतली, वास घेतला, म्हणाली, दोन दिवस उशीर, पण विसरले नाहीत. मग ऑर्सोलाला सून समजून जवळ बसवलं आणि तिची वेणी सोडून पुन्हा घातली. दोघांपैकी एकानेही चूक दुरुस्त केली नाही. हे मला आल्वीसेनेच सांगितलं, मला मिठी मारून, बहीण धरून बारा बेल्जियन लोकांसमोर. ऑर्सोलाने त्याला सांगितलंय म्हणे, कळी नेरेओला बोटीच्या तळाशी सापडली. मादाम गोडेलीव्हनी डोळे पुसले. मी खरं सांगणारच होतो, पण त्याने मला इतकं घट्ट धरलं होतं की श्वास घेणंच अवघड होतं.

सोमवार, २८ एप्रिल. सकाळ, ९.

बेल्जियन गेले. शेवटची बॅग उचलताना ऑर्सोलाला सहज विचारलं, तुमचं दोघांचं कधीपासून? ती म्हणाली, कालपासून. शुक्रवारपर्यंत मी त्याच्याशी हवामानापलीकडे बोलले नव्हते.

आल्वीसे नवा शर्ट घालून आला. आज दोघं तोर्चेल्लो बेटावर जेवायला चाललेत. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, नेरेओ, तू नसतास तर हे झालंच नसतं.

मी म्हणालो, त्यात काय.

दोघं बोटीत बसले, पण धक्क्याला गर्दी होती, इंजिन चालू करायला जागा नव्हती. ऑर्सोला ओरडली, अरे उभा काय राहिलास, जरा ढकल ना!

बोट ढकलली. चांगली लांब गेली.