कलकत्त्याचा भाव आणि डोंबिवलीचे घर

मी, वासंती त्र्यंबक टिपणीस, वय वर्षे छप्पन्न, राहणार डोंबिवली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांनी माझ्या पोटातल्या गाठीचे नाव मला सांगितले आहे. डोके मात्र शाबूत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. आणू पाहणाऱ्याचे मी ऐकलेले नाही.

कलम १. डोंबिवलीचे घर. जमीन माझ्या वडिलांनी मला दिली. तिच्यावरच्या दोन खोल्या मी ठाण्याच्या शाळेत इंग्रजी शिकवून बांधल्या. हे घर माझ्यामागे माझी सून सौ. सरोज हिच्या एकटीच्या मालकीचे होईल. माझा एकुलता मुलगा चि. आनंद याने तेथे हयातभर सुखाने राहावे. परंतु घर गहाण टाकण्याचा वा विकण्याचा अधिकार त्याला नाही.

आई असून असे का लिहिते, तेही नमूद करते.

माझे यजमान कै. त्र्यंबकराव यांना माझ्या कॉन्व्हेंटच्या इंग्रजीचा भारी अभिमान. सकाळी चहा घेताना मी त्यांना वर्तमानपत्रातले मुंबईचे आणि कलकत्त्याचे शेअरचे भाव वाचून दाखवी. कंपनी एकच, शेअर एकच, आणि दोन शहरांत भाव दोन. ते म्हणत, "स्वस्त तिथे घ्यायचा, महाग तिथे विकायचा. मधला फरक आपला. यात जुगार कुठे आहे, सांग बघू?" त्या सकाळी मला अजून आठवतात. ते किती आनंदात असत.

दोन-तीनदा थोडे सुटलेही. मग १९४८ च्या नवरात्रात, दिवस शुभ म्हणून, त्यांनी आमचे ठाण्याचे घर गहाण टाकून मुंबईत मोठी खरेदी केली आणि कलकत्त्याच्या दलालाला विकण्याची तार केली. उत्तर आले नाही. आपल्याकडे दसऱ्याची सुट्टी एका दिवसाची. दुर्गापूजेत कलकत्त्याचा बाजार किती दिवस बंद राहतो, हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. इकडे मुंबईत भाव रोज उतरत होता. तिकडचा बाजार उघडला तो उतरूनच. ठाण्याचे घर गेले, आणि वर्षभरात यजमानही गेले.

आता आनंद तेच करू पाहतो, आणि त्यासाठी हे घर गहाण टाक म्हणतो.

"आई, बाबांना पंचांग कळत होतं, बाजार नाही. आता ट्रंक कॉल आहेत."

"अरे, तो लागेपर्यंत तू पोस्टातल्या बाकावर बसणार. दलालाच्या टेबलावर फोन असतो."

"थोडं तरी सुटेलच की."

"दोन्हीकडची दलाली, मुद्रांक आणि रजिस्टर टपाल वजा कर. उरेल त्यात चहा येईल, बिनसाखरेचा."

"तू म्हणजे अगदी मास्तरीण आहेस!"

आहेच मी. मोठ्या पेढ्यांची माणसे दोन्ही शहरांत बसलेली असतात, शेअर दोन्हीकडच्या तिजोऱ्यांत असतात. फरक दिसला की त्याच घटकेला ती तो उचलतात. आपल्याला सकाळी पेपरात दिसतो तो काल उचलून झालेला. एकट्या नोकरदाराचे हे काम नव्हे.

गेल्या महिन्यापासून सरोजच्या हातात पाटल्या दिसत नाहीत. विचारले तर म्हणाली, "घट्ट होत होत्या, आई."

कलम २. पोस्टातली माझी शिल्लक नात कु. नंदा हिच्या शिक्षणासाठी. ती सरोजनेच काढावी. शिवणयंत्र सरोजला. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला दिलेली भरतकामाची चौकट नंदाला. टाके वाकडे आले तरी तिला रागावू नये.

कलम ३. माझे दीर महिपतराव यांनी आमच्या पडत्या काळात आम्हाला ओटीवरूनच परत पाठवले. त्यांना काहीही नाही. तेराव्याला मात्र जेवायला बोलवावे आणि श्रीखंड दोनदा वाढावे. त्यांना आवडते.

कलम ४. साक्षीदारांविषयी. पहिले कलम आनंदला ठाऊक आहे. मी लपवले नाही. दोन दिवस तो वेगळा जेवला. आज सकाळी माझ्या पायांना तेल लावत बसला आणि हळूच म्हणाला, "साक्षीला बाहेरची माणसं कशाला, आई? मी करतो ना सही."

माझे डोळे भरून आले. दुपारी ठाण्याच्या वकिलांना विचारले. त्यांनी सांगितले, साक्षीदाराला किंवा त्याच्या बायकोला दिलेले दान कायद्याने रद्द ठरू शकते; मग घर वारसाने मुलाकडे. आनंद कल्याणला एका वकिलांकडे सहा वर्षे कारकून आहे. असे कागद रोज त्याच्या हाताखालून जातात.

त्याला मी काही विचारले नाही, विचारणारही नाही. तेल त्याने मायेनेच लावले, असे मी धरून चालते. त्याची सही मात्र या कागदावर घेतलेली नाही.

वासंती त्र्यंबक टिपणीस

आम्हा दोघांसमक्ष बाईंनी सही केली व बाईंसमक्ष आम्ही केली:
१. डॉ. दौलत गुप्ते, डोंबिवली
२. कु. सुमती प्रधान, शिक्षिका, ठाणे

डोंबिवली, ता. २ डिसेंबर १९५५