आठ तोडायचे, दोन ठेवायचे

बाबा, मी जपानात आहे. पार वरच्या टोकाला, मासळीच्या कारखान्यात, शिंपल्यांतलं मांस काढायच्या कामावर. तुम्ही होतात तेव्हा मी अलिबागात एका कामावर महिनाभर टिकत नव्हतो. इथं टिकलोय, पण जीव थाऱ्यावर न्हाय. सुट्टीला खोलीत बसवत न्हाय, बर्फातून नुसता फिरत राहतो.

पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून मालाचा क्रेट सांडला. मुकादम ओरडला. दुपारी जेवायला बसलो तर टेबलावर कोणी चकार शब्द काढेना, सगळे आपापल्या डब्यात डोकं घालून. मी म्हटलं, झालं, टाकलं मला वाळीत. दुसऱ्या दिवसापासून मी डबा घेऊन बाहेर, शेडच्या आडोशाला. थंडीनं बोटं वाकत न्हाईत, घास तोंडापर्यंत जात न्हाय, पण आत जायची हिंमत होत न्हाय. शेवटी आमच्या लायनीवरची एक म्हातारी हाताला धरून आत घेऊन गेली. त्या खोलीत जेवताना कोणीच बोलत न्हाय, हे मला तेव्हा कळलं.

मोबाईलवर भाषांतर करत तिनं विचारलं, बाहेर का बसायचास? मग मी तुमचं सांगितलं. गावकीनं एका घराला वाळीत टाकलेलं, त्यांची होडी वाऱ्यानं खडकावर चाललेली, आणि तुम्ही धावत जाऊन त्यांचा दोर धरला. म्हणून आपणही वाळीत. दुकानदार मीठ देईना, नळावर आई आली की बाया हंडे उचलून घरी जायच्या. माफी मागा, मिटवून टाका, असा निरोप यायचा. तुम्ही एवढंच म्हणायचात, "दोर धरला, चोरी न्हाय केली."

पुढच्या सुट्टीला म्हातारी मला एका जुन्या तुरुंगात घेऊन गेली. आता तो तिकीट काढून बघतात. ती सांगत होती, फार पूर्वी इथं चोराच्या दंडावर गोंदायचे, जन्मभर दिसावं म्हणून. मग राज्य बदललं, गोऱ्या साहेबाच्या देशांसारखं व्हायचं ठरलं, गोंदणं बंद झालं, कायदे लिहिले, तुरुंग बांधले. आणि त्याच कैद्यांना साखळीनं जोडून जंगलातून रस्ते काढायला लावले. कितीतरी तिथंच मेले. गोंदण गेलं नि साखळी आली, ह्याला सुधारणा म्हणायची का, ते मला समजेना. ती म्हणाली, सरकारनं सगळं बदललं तरी गावांनी आपली शिक्षा सोडली न्हाय. वाळीतच. दहा व्यवहारांतले आठ तोडायचे, दोन ठेवायचे. आग लागली तर विझवायला जायचं आणि माणूस मेला तर मातीला जायचं.

मी तिथंच उभा राहिलो. बाबा, तुमच्या मयताला गावातलं कोणी आलं न्हाय. बोर्लीहून मामा लोक टेम्पोनं आले तेव्हा खांद्याला माणसं झाली. आपल्या गावकीनं ते दोनसुद्धा ठेवले न्हाईत.

आता आपल्याकडं वाळीत टाकणं गुन्हा आहे. तुम्ही गेल्यावर आईनं तक्रार दिली, अलिबागच्या कोर्टात तारखा पडतायत. मीच तिला इथून फोनवर रेटत आलो. गावकीचा म्हातारा प्रमुख तुरुंगात गेलेला मला बघायचाय. त्या तुरुंगातल्या लाकडी कोठड्या बघत चाललो होतो ना, तेव्हा प्रत्येक कोठडीत त्याला बसवून बघितला.

परवा आईचा फोन आला. प्रमुखाची सून दारात येऊन सांगून गेली म्हणे, केस मागं घे, उद्यापासून सगळे बोलतील. मी भडकलो, विचारलं, माफ केलंस त्यांना?

"माफी कसली," आई म्हणाली. "मना बोलाया मानूस पायजे रं. तू तिकडं, मी हितं भिंतीसंगं बोलतंय."

तेव्हापासून कामात लक्ष न्हाय. तिला केस मागं घेऊ देऊ का, एवढंच तुम्हाला विचारायला हे लिहायला घेतलं. पण खरं सांगतो, मी तिला परवाच हो म्हटलंय. तुम्ही न्हाय म्हणाला असता.