मेपलखालची स्वच्छता

२८ एप्रिल
मेपलच्या सावलीत रानव्हायोलेटची रोपं लावली. सलग तिसरं वर्ष. यंदा फुलं शंभर टक्के येणार. कंबरेच्या ऑपरेशननंतर माझ्या बायकोला, आर्डिथला जंगलात जाववत नाही, आणि व्हायोलेट पाहिल्याशिवाय तिचा मे महिना सुरू होत नाही. मी तिला शब्द दिलाय, जंगल तुझ्या खिडकीखाली आणतो. ती म्हणाली, आधी तो झाडू ठेव बाबा खाली. तिला बागकामातलं कळत नाही.

१९ मे
फुलं आली! मोजकीच, पण दर्जा बघा.

२ ऑगस्ट
पानं पिवळी. सगळं पाणी मेपल पितो. आप्पलपोटा.

११ ऑक्टोबर
पानगळ. पानं उडवायचा ब्लोअर काढला. मेपलखाली जमीन लख्ख. पानं शेजारच्या वर्नाकडे गेली. वाऱ्याची दिशाच तशी. तीन वर्षं तशीच आहे. वर्ना कुंपणावरून ओरडली, पाठव रे एल्मर, अजून पाठव, मला कुठे उचलायचीयत! आळशी बाई.

३ नोव्हेंबर
पुन्हा ब्लोअर. आर्डिथ विचारते, जंगलात कोण झाडायला जातं रे? कुणीच नाही. म्हणून तर तिथे एवढा कचरा.

१४ मे
खिडकीखाली एक कोंब नाही. तडकलेली माती. डोकं फिरलंय. नर्सरीवाल्याने मेलेली रोपं गळ्यात मारली, दुसरं काय! आणि कुंपणापलीकडे व्हायोलेटचा जांभळा गालिचा. वर्ना म्हणते, मी काडी हलवली नाही, तू उडवलेल्या पानाबियांच्या कचऱ्यातूनच आलंय सगळं. म्हणजे आता मी कचरा टाकतो!

१५ मे
आर्डिथ वॉकर घेऊन वर्नाकडे गेली. तिच्या हसण्याचा आवाज इथवर येत होता. तिला इतकं हसताना मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. फार वाईट वाटलं. खिडकीत मी एकटाच बसलो.

१६ मे, सकाळ
वर्नाने मुळांसकट व्हायोलेटचा एक झुबका दिला, भोवती कुजकी पानं दाबून. म्हणाली, लाव आणि विसरून जा. लावला. आर्डिथ खिडकीत आली, बघून हसली. जिंकलो!

संध्याकाळ
कुजकी पानं डोळ्यांना खुपत होती. तेवढीच उडवायला गेलो. ब्लोअर जरा जोरात लागला. आर्डिथने विचारलं, फुलं कुठायत? म्हटलं, वाऱ्याची दिशा. ती म्हणाली, मग माझी खुर्चीही त्याच दिशेने ने.

नेऊन ठेवली.